लेकीच्या गावचं डिझेल

मी चौथी शिकलो, आन् तेही आमगावले मामाकडे राहून, काहून की आमची लांजी मध्यप्रदेशात, तिथं शाळा हिंदीची. लिहिण्यात चूक निघाली तर निघू द्या. पण गाडीच्या बाबतीत माझी चूक काढणारा माणूस लांजी-बालाघाट सडकेवर मले तीस वर्षांत भेटला नव्हता. या जानेवारीत एकदम तिघं भेटले. एक आमचा मिस्त्री, एक ट्रकवाला, आन् तिसरी माझ्याच घरची. तिघंही बरोबर निघाले. ज्यायनं बैहरकडच्या पठारावरची थंडी पाह्यली नाही, त्यायच्यासाठी हे लिहून राह्यलो.

जायचं कारण माझी लेक, वनिता. तिच्या लग्नाले अकरा वर्षं झाली. बैहरच्या पुढं, साजाच्या आन् सरईच्या झाडांच्या जंगलाले लागून एक गाव आहे, तिथं दिली. गावाचं नाव लिहीत नाही, जावयाले आवडणार नाही. तिले लेकरू नाही. तरी दर संक्रातीले चार दिवस माहेरी यायची, मायजवळ बसून तीळ भाजायची, आन् जाताना माझ्या जीपचा काच पुसून जायची. मागच्या दोन साली आलीच नाही. फोन केला की म्हणे, "काम आहे बाबा." धान घरात आल्यावर जानेवारीत कोणतं काम असते? तिची माय रोज दुपारी बसच्या टायमाले दारात बसे. बस थांबली की मान वर करे, बस गेली की खाली घाले. मले ते पाहवत नव्हतं. म्हणालो, आता मी जातो आन् घेऊनच येतो.

"तूबी चल," मी म्हणालो.

"मी नाही येत."

"काहून?"

"पोरीच्या दारात उपाशी बसायले माझे गुडघे दुखतात," ती म्हणाली आन् आत गेली.

हे उपाशी बसणं काय, ते सांगतो. आमच्या घरची रीत आहे. लेक दिली की तिले पहिलं लेकरू होईपर्यंत मायबापानं तिच्या घरचं पाणीबी घ्यायचं नाही. माझ्या बहिणीले सातव्या वर्षी पोरगा झाला, तवा माझा बाप तिच्या घरी पहिल्यांदा जेवला. सात वर्षं तो शिदोरी बांधून जात होता. आता कोणी पाळत नाही हे मले माहीत आहे. आमचे व्याही जिवंत होते तवा त्यायनंच मले दोनदा म्हणतलं, सोडा ना पाटील, जमाना बदलला. पण मी धरलेली गोष्ट सोडत नाही. मी जातो तवा माझी भाकर घरची, पाण्याची कॅन घरची, गाडीच्या रेडिएटरचं पाणी घरचं, आन् डिझेलबी आमच्याच पंपाचं. मी नाही खात तिथं, तर माझी गाडी काहून खाईल? लोकं हसतात. हसू द्या.

लांजी

मागच्या खेपेले गेलतो तो मे महिना होता, अडीच वर्षांमागं. टाकी गळ्यापर्यंत भरून निघालो, जाऊन येऊन घरी पोचलो तवा टाकीत दोन बोटं डिझेल उरलं होतं. माझ्या जीपचा काटा कधीचाच बंद आहे. मी एक बांबूची काडी ठेवली आहे, बोटाबोटावर खुणा केल्या आहेत. टाकीत टाकली, बाहेर काढली, की कळते. तर हिशोब सोपा होता. मे महिन्यात एका टाकीत होते, तर जानेवारीत काहून नाही होणार? उलट थंडीत गाडी तापत नाही, जीव लावून वढते. टाकी तशीच गळ्यापर्यंत भरली आन् म्हणालो, यंदा चार बोटं उरेल.

मिस्त्री टायरमधे हवा भरून राह्यला होता. तो म्हणाला, "काका, तो व्हॉल्व टाकू द्या परत. मागच्या उन्हाळ्यात तुमी काढला, तो माझ्याकडं डब्यात पडून आहे."

इंजिन आन् रेडिएटरच्या मधात पितळेचा एक लहान व्हॉल्व असते. इंजिन गरम होईपर्यंत तो पाणी अडवून धरते, गरम झालं की सोडते. उन्हाळ्यात आमच्या इकडं गाड्या उकळतात, म्हणून मीच तो काढून टाकला होता. त्या दिवसापासून गाडी एकदाबी उकळली नाही. ती अक्कल माझी होती, मिस्त्रीची नव्हती.

"राहू दे तुझ्याच डब्यात," मी म्हणालो. "चांगल्या चालत्या गाडीले हात लावायचा नाही."

"थंडीत खाईल ती."

"तू आपलं पाहाय."

तो गालात हसला आन् टायरवर हात मारून गेला.

सकाळी निघायचं म्हणून अंधार फिटायच्या वेळी उठलो. हीटर दोन डाव दिला, स्टार्टर मारला, गाडी खोकली आन् बसली. इंजिनचं तेल मधासारखं घट्ट झालं होतं. मग जुनी युक्ती केली. चुलीतले निखारे घमेल्यात घेतले आन् इंजिनच्या खाली, तेलाच्या टाकीजवळ सरकवले. हे ज्याले माहीत नाही त्यानं करू नये, गाडीसंगं घरबी जाईल. पंधरा मिनिटांत तेल सुटलं, गाडी लागली. तरी अर्धा तास उभीच चालू ठेवली, तशीच आमची सवय आहे. बायकोनं तिळाच्या लाडवाचा डबा आन् माझी भाकर सीटवर ठेवली. वनितासाठी काही निरोप दे म्हणालो, तर म्हणाली, "ती आली की मीच बोलीन."

हट्ट्यापासून घाटापर्यंत

किरणापूरपर्यंत धुकं इतकं होतं की बैलगाडीचा कंदील आधी दिसे, मग बैल दिसत. हट्ट्याच्या फाट्यावर चहा घेतला. बाहेरगावची मंडळी तिथली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहायले जातात, उन्हाळ्यात तिच्या पायऱ्यांवर फार बरं वाटते. आज मात्र चहावालाच म्हणाला, "बावडीतून वाफ येऊन राह्यली, दादा." पाहायले उतरलो नाही. मले पोचायची घाई होती.

बालाघाटले बाजार उघडून राह्यला होता. तिथून बैहरची सडक धरली आन् घाट लागला. मे महिन्यात हाच घाट चढताना माझी जीप म्हाताऱ्या म्हशीसारखी धापत होती. हवा पातळ आन् तापलेली, पायाखाली पत्रा पोळत होता, दोन ठिकाणी थांबून बोनट उघडावं लागलं. आज तीच जीप अशी चढली की मलेच खरं वाटेना. थंडीची हवा घट्ट असते, इंजिनले एका श्वासात जास्त मिळते, म्हणून जोर येते. हे मले कोणी शिकवलं नाही, माझ्या पायाले कळते. दुसऱ्या गेअरच्या जागी तिसऱ्यात चढलो. दोन्ही बाजूनं बांबू, त्यावर दव, आन् मधेमधे ऊन पडून राह्यलं होतं. मी एकटाच होतो तरी बोलून राह्यलो होतो. म्हणालो, वनू, पाह्य तुझ्या बापाची गाडी. ती लहान असताना माझ्या बाजूले बसून गेअर बदलायच्या वेळी माझ्या हातावर हात ठेवायची. "आता तिसरा बाबा," म्हणायची. बरोबर सांगायची. आवाजावरून.

घाट संपल्यावर एका टपरीवर थांबलो. उकव्याकडून मँगनीज घेऊन आलेला एक ट्रकवाला तिथं शेकोटीजवळ उभा होता, माझ्या पोराच्या वयाचा. त्यानं ट्रकच्या जाळीले पुढून पोतं बांधलं होतं.

"पोता काय को बांधा?" मी विचारलं.

"ठंड है चाचा. इंजन को ओढ़ाया है." मग तो माझ्या जीपजवळ आला आन् जाळीवर हात ठेवला. "अरे, ये तो ठंडी पड़ी है. घाट चढ़ के आए ना अभी?"

"हमारी गाड़ी गरम होतीच नहीं," मी छाती काढून म्हणालो.

तो हसला. "यही तो गड़बड़ है. ठंडा इंजन दुगना पीता है, चाचा. गरम होने दो उसको."

"तुम्हारे ट्रक की बात अलग है."

"हौ, अलग है," तो म्हणाला आन् टपरीवाल्याकडं पाहून डोळा मारला. मले राग आला. काडी टाकून पाहायचं मनात आलं होतं, ते त्या डोळ्यामुळं राहून गेलं. त्याच्यापुढं टाकी तपासली असती तर तो म्हणाला असता, पाहा, चाचा घाबरला. बैहरच्या पंपावरून तसाच पुढं गेलो.

वरचं गाव

इथली जमीन लाल, घरं खपरेलाची, आन् भिंती सारवून खाली काळी पट्टी ओढलेली. आमच्याकडं धानाचं तणस वावरात राह्यते, इथं मांडव करून त्यावर रचतात, खाली गुरं बांधतात. लोकं कमी बोलतात. थंडीनं बोलत नसतील.

वनिता दारातच होती. वाळली होती. पाया पडली, "माय नाही आली?" विचारलं. मी म्हणालो गुडघे. तिनं लाडवाचा डबा घेतला आन् बाज ओसरीत उन्हाकडं वढून दिली. मले कुठं बसायले लागते ते तिले माहीत आहे, ओसरीच्या आत मी जात नाही.

जावई, दिलीप, वावरातून आला. भला माणूस आहे, मराठी समजते पण बोलायले हिंदीत सोपं पडते त्याले.

"मामाजी, रास्ते में तकलीफ तो नहीं हुई?"

"काय होते तकलीफ. तिसऱ्यात चढलो घाट."

दुपारी मी माझ्या भाकरीचं फडकं सोडलं. भाकर थंडीनं चामड्यासारखी झाली होती. कॅनमधलं पाणी दातांले लागलं. वनिता दाराच्या चौकटीले टेकून उभी होती. माझं खाणं होईपर्यंत तशीच उभी राह्यली, मग आत गेली.

सांजच्याले मी म्हणालो, "उद्या चल संगं. संक्रातले चार दिवस राह्य. माय वाट पाहून राह्यली."

"पाहू."

"पाहू काय? जवाईबापू, पाठवता ना?"

दिलीप म्हणाला, "मैंने कभी रोका नहीं, मामाजी." आन् तो वनिताकडं पाहत राह्यला. तिनं शेकोटीत एक काडी सारली. मी समजलो की तयार आहे. बापाले जे पायजे तेच त्याले समजते.

सकाळ

सकाळी उठलो तर तणसाच्या मांडवावर मिठासारखं पांढरं बसलं होतं. जीपच्या काचावर बोटानं रेघ ओढली तर नखात बर्फ आला. आमच्या लांजीत असं कधी होत नाही. निखारे मागावे तर तेबी तिच्या चुलीचे. म्हणून हीटरवर हीटर दिला, आन् आठव्या डावाले गाडी लागली. धूर पांढरा, आवाज असा की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. आता बंद केली तर परत लागायची नाही म्हणून चालूच ठेवली. वनिता पिशवी भरेल, वेणी घालेल, तोवर गरम होईल, म्हणालो. जाळीवर हात ठेवत होतो, ती थंडच लागत होती. एक तास झाला. आतून चुलीचा धूर येऊन राह्यला होता, पिशवी काही बाहेर येत नव्हती.

मग गाडीनं दोन गचके दिले आन् बंद पडली.

काडी टाकली. कोरडी निघाली. मी परत टाकली, परत कोरडी. येतानाच त्या थंड इंजिननं पोटभर पिलं होतं, जे उरलं ते उभ्या जागी एक तास जाळलं. मे महिन्याच्या हिशोबानं मी जानेवारीत निघालो होतो. मिस्त्रीचा व्हॉल्व आठवला, ट्रकवाल्याचं पोतं आठवलं.

दिलीप ट्रॅक्टरच्या डब्यातून डिझेल घेऊन आला, हातात नळी.

"राहू द्या, जवाईबापू," मी म्हणालो.

"मामाजी, डीजल ही तो है."

"अकरा वाजता बस आहे ना? बैहरले जाऊन पंपावरून आणतो. कॅन आहे माझ्याकडं."

"उस कॅन में तो पानी है आपका."

"पाणी सांडून देईन."

तवा वनिता बाहेर आली. हाताले पीठ होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता गाडीलेबी माझ्या लेकराची वाट पाहायची का?"

मी म्हणालो, "तसं नाही, वनू. रीत आहे."

"रीत मले पाठ आहे. लेकरू होईपर्यंत." ती ओसरीच्या पायरीवर बसली. "मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरनं सांगतलं, होत नाही. दोष यायचा नाही, आन् माझाबी नाही, दोघायचं मिळून होत नाही. आमी रडून घेतलं. आता तुमची रीत कशी संपवायची ते तुमी सांगा."

दिलीप नळी गुंडाळत उभा राह्यला. माझ्या तोंडातून नुसती वाफ निघत होती.

"मे महिन्यात तुमी आलते," ती म्हणाली. "मी पोळ्या केलत्या, पुरणाच्या. म्हणतलं, आठ वर्षं होऊन राह्यली, बाप थकला असेल, एखादी घेईल. तुमी आपला डबा उघडला आन् कांदा-भाकर खाल्ली. मी त्या पोळ्या गाईले टाकल्या."

"तू बोलली काहून नाही तवा?"

"तुमाले बोलून कोण जिंकलं? म्हणून मी येणं बंद केलं. तुमी माझ्या घरचं पाणी नाही घेत, तर मी तुमच्या घरी चार दिवस जेवू कशी? मलेबी नाक आहे. तुमचंच आहे."

मी पाह्यलं. खरंच माझंच आहे. लहानपणी सारेच म्हणायचे.

आता वाचणाऱ्याले वाटेल की म्हाताऱ्यानं लगेच हो म्हणतलं. नाही म्हणतलं. मी जीपच्या फूटबोर्डवर बसलो आन् बराच वेळ बसलो. मले माझा बाप दिसत होता, शिदोरी घेऊन सात वर्षं चालणारा. त्याले सातव्या वर्षी नातू मिळाला, म्हणून त्याची रीत चांगली दिसली. नसता मिळाला तर तो मरेपर्यंत माझ्या बहिणीच्या दारात कोरडी भाकर खात बसला असता, आन् आम्ही सारे म्हणालो असतो, काय माणूस होता. बहीण काय म्हणाली असती, ते कोणी विचारलं नसतं. मी वनिताच्या मायलेबी कधी विचारलं नव्हतं. ती गुडघे दुखतात म्हणाली, मी गुडघेच समजलो.

ऊन तणसावर आलं, पांढरं विरघळून टपटप पडायले लागलं.

"वाढ," मी म्हणालो.

वनिता लगेच उठली नाही. "आत बसाल का इथंच?" तिनं विचारलं.

"आत."

अकरा वर्षांत तिचं स्वयंपाकघर मी पहिल्यांदा पाह्यलं. लहान आहे. एका फळीवर तिच्या मायनं दिलेला पाणी भरायचा तांब्याचा गुंड, कुठं काळा डाग नाही, घासून लखलखीत. तिनं पाट टाकला. आधी पाणी दिलं, कोमट करून, काहून की माझे दात तिनं काल पाह्यले होते. मग भात, वांग्या-पोपटाची भाजी, तव्यावरची भाकर, जवसाची चटणी. पोपट म्हणजे आमच्याकडं वालाचे कोवळे दाणे, थंडीतच येतात. दिलीप दारात उभा होता, बसावं का नाही त्याले समजत नव्हतं.

"बसा ना, जवाईबापू," मी म्हणालो. "का तुमचीबी काही रीत आहे?"

तो बसला. वनिता वाढत राह्यली. मी थांब म्हणालो तरी वाढत राह्यली. भाजीत मीठ कमी होतं. तिच्या मायच्या हातचंबी कमीच राह्यते. मी चौथी भाकर घेतली.

परत

दिलीपनं डिझेल टाकलं, इंजिनजवळचा डिझेलचा हातपंप दाबून लाइनमधली हवा काढली, आन् खताच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जाळीच्या पुढं अर्धा बसवला. "इंजन को भी ओढ़ना चाहिए, मामाजी." दहा मिनिटांत जाळी गरम लागली.

"पिशवी आण आता," मी वनिताले म्हणालो.

"मी नाही येत."

"आता काय राह्यलं?"

"माय राह्यली. तिले इथं आणा. ती जेवली की मग येते, चार नाही, आठ दिवस राह्यते."

"डबा दे तिच्यासाठी, घरी खाईल."

"डबा नाही देत. इथं येऊन खा म्हणा."

हट्टानं ती माझ्या वरची निघाली. वाद घातला नाही. तिनं फडकं आणून जीपचा काच पुसला, माझ्याकडचा पुसला, आन् मग बाजूच्या रिकाम्या सीटकडचाबी पुसला.

घाट उतरताना बाजूले कोणी नव्हतं. तिसरा टाकायच्या वेळी हात गेअरवर थोडा जास्त वेळ राह्यला. इंजिन पुठ्ठ्यामागं गरम चाललं होतं आन् आवाज गोड येत होता. बालाघाटले काडी टाकली, डिझेल कमी जळलं होतं. ते तिच्या घरचं डिझेल होतं. मी पंपावर थांबलो नाही, तेच जाळत घरी आलो.

दुपार कलून राह्यली होती. वनिताची माय दारात होती. तिनं रिकामी सीट पाह्यली. ती काहून नाही आली, असं विचारलं नाही.

"जेवलात?" तिनं विचारलं.

"हौ."

"घरची भाकर?"

"नाही. तिच्या हातची."

ती खाली बसली. "काय काय केलतं?"

मी एकेक सांगतलं. भात, भाकर, वांगे-पोपट, चटणी. मग वनिताचा निरोपबी दिला, माय इथं येऊन जेवली की मगच येते म्हणाली.

"मीठ कसं होतं?"

"कमी."

"मग माझ्यावरच गेली," ती म्हणाली आन् पदरानं तोंड पुसलं. थोडा वेळ सडकेकडं पाहत बसली. बालाघाटची बस आली, थांबली, गेली. तिनं मान वर केली नाही.

"वर थंडी किती आहे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, सकाळी तणसावर पांढरं बसते. काचावर बर्फ धरते. तुझ्या गुडघ्यायले जमायची नाही.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, आन् पेटीतली लोकरीची शाल काढून अंगणातल्या तारेवर उन्हात टाकली.